नमुन्याचे अॅप आणि २४० दिवसांची हजेरी



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात, असा वसईकरांचा समज आहे आणि तो बरोबरच आहे. आम्ही विद्वान नाही. आमची शाळा वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथ मशीनवर भरली, आणि पुढचा अभ्यास युनियनच्या कचेरीत व कामगार न्यायालयाच्या बाकावर, नंबर लागण्याची वाट पाहत झाला. तेव्हा चालकांनी आम्हांस विषय विचारला आणि आम्ही "मोबाइलवरचे नमुन्याचे अॅप बनवून चालविणे" असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. संपाचा इतिहास, कामगार कायदा, असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. तो विषय आम्ही सोडलेला नाही. फक्त त्याच्याकडे मागच्या दाराने जाणार आहोत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा एक हेल्पर आमच्याकडे आला. चौदा महिने त्याने काम केले होते आणि एका शनिवारी त्याला "सोमवारपासून येऊ नकोस" असे सांगण्यात आले. ठेकेदाराच्या मस्टरवर मागल्या बारा महिन्यांत त्याची हजेरी होती १९६ दिवस. तो म्हणे, खाडे सोडले तर आपण रोज आलो, पावणेतीनशे दिवस तरी भरतील. पुरावा काय? त्याने खिशातून एक छोटी डायरी काढली. रोज काम सुटले की तो तिच्यात एक रेघ मारीत असे. परंतु ती डायरी जुलैच्या पावसात पँटच्या खिशात राहिलेली. वसईचा जुलै तुम्हांस सांगावयास नको. स्टेशनापासून घरापर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून तो गेला होता, आणि सगळ्या रेघांची मिळून एक निळी शाई झाली होती.

आता हे २४० दिवसांचे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे बोलणे अधांतरी राहील. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने असे ठरविले की, मागल्या बारा महिन्यांत ज्याचे २४० दिवस भरले त्याची एक वर्षाची सलग नोकरी झाली असे धरावयाचे. मग त्याला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली. बरेच काही बदलले; पण २४० चा आकडा राहिला. म्हणजे २३९ दिवस भरलेला माणूस आणि २४० दिवस भरलेला माणूस यांच्यामध्ये अख्खा कायदा उभा आहे.

आणि हे दिवस भरले हे सिद्ध कोणी करावयाचे? कामगाराने. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हदिमनी खटल्यात सांगितले की, कामगाराचे नुसते प्रतिज्ञापत्र म्हणजे त्याचे स्वतःच्या बाजूचे म्हणणे. तेवढ्याने भागत नाही. २००५ साली यल्लट्टी खटल्यात न्यायालय थोडे पुढे आले: रोजंदारीवरच्या माणसाकडे नेमणूकपत्र कुठले असणार, त्याने साक्षीला उभे राहावे, मालकाकडचे मस्टर आणि पगारपत्रक न्यायालयात मागवावे. बोजा मात्र कामगाराच्याच डोक्यावर राहिला. मोजणी मालकाच्या वहीत, आणि पुरावा देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे वही नाही त्याच्यावर!

हे दुखणे जुनेच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, तेव्हा त्यांच्या मागण्याही दिवसांच्या आणि तासांच्याच होत्या: आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पगाराची तारीख. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. मोजणीची वही मात्र कचेरीतच राहिली.

तर डायरी भिजते. फोन मात्र माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावर धरतो. आम्ही म्हटले, हजेरीचे एक अॅप करून घेऊ. एका ठिकाणी चौकशी केली, तर त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या युनियनच्या वर्षाच्या वर्गणीहून अधिक निघाली. त्यावर नालासोपाऱ्याचा, आमच्याच एका सभासदाचा मुलगा, जो डिप्लोमा करतो, तो म्हणाला, "काका, पैसे कशाला देता? नमुना फुकट मिळतो. आधी तो चालवून पाहू, मग काय ते ठरवा."

फोनच्या दुनियेत दोन घराणी आहेत. एक अँड्रॉइड, दुसरे आयफोन. एकासाठी केलेले काम दुसऱ्यावर चालत नाही. भाषा वेगळ्या, हत्यारे वेगळी. म्हणून पूर्वी एकाच अॅपसाठी दोन टोळ्या बसवाव्या लागत. यातून वाट काढण्यासाठी अशा चौकटी तयार झाल्या की काम एकदा लिहावयाचे आणि दोन्हीकडे चालवावयाचे. साताऱ्याहून आलेला आमचा एक जुना डायमेकर होता. त्याच्या भाषेत, डाय एकच, मशीन दोन. रिअॅक्ट नेटिव्ह ही चौकट फेसबुकने २०१५ साली लोकांना खुली केली. गुगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. ती डार्ट नावाच्या भाषेत लिहावी लागते. दोघींत फरक आहे. रिअॅक्ट नेटिव्ह हा असा सुतार, की जो घरमालकाच्या घरातलीच हत्यारे मागून घेतो. बटण हवे तर फोनचेच बटण वापरतो. फ्लटर हा आपली पेटी बरोबर घेऊन येणारा सुतार. पडद्यावरचे प्रत्येक बटण आणि अक्षर तो स्वतः रेखाटतो. मुलाला फ्लटर ठाऊक होते, म्हणून फ्लटर. याहून मोठे कारण नव्हते.

हे सगळे फुकट कसे, असा प्रश्न आमच्यासारख्यांस पडणारच. परवाना आम्ही वाचून घेतला. मूळ कर्त्यांची नोंद ठेवा, मग वापरा, बदला, विका, मोकळीक आहे. एवढी मोठी कंपनी पाणपोई घालते ती पुण्यासाठी नव्हे. लोकांची वहिवाट आपल्या रस्त्याने पडावी म्हणून. आणि पाणी भरणारी माणसे पगारी असतात. एप्रिल २०२४ मध्ये फ्लटर आणि डार्टवर काम करणाऱ्या काही जणांना कमी केल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या कचेरीत आम्ही ती दोनदा वाचली. आपण ज्यांच्या हत्यारांनी हजेरीवही करतो आहोत त्यांचीही नोकरी कच्चीच, हे कळले.

आता प्रत्यक्ष चालविण्याकडे येऊ. जुना लॅपटॉप, आठ जीबी स्मरणाचा, युनियनच्या टेबलावर मांडला. सामान उतरवून घेण्यात एक संध्याकाळ गेली. या चौकटीत "डॉक्टर" नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की यंत्र स्वतःची तपासणी करून काय आहे, काय नाही याची यादी देते. बरे त्यापुढे खूण, बिघडले त्यापुढे फुली. आमच्याकडे पहिल्या दिवशी फुल्याच जास्त. एक फुली नुसत्या परवान्यांची होती. त्या अँड्रॉइडच्या परवान्यांना "होय, होय" म्हणत गेल्यावर ती गेली. न वाचता सही करू नये, असे आम्ही गेली तीस वर्षे गेटसभेत सांगत आलो, हे त्या वेळी आठवले.

फोन जोडताना खरी गंमत झाली. अँड्रॉइड फोन परक्या संगणकाचा हुकूम सहजासहजी ऐकत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये "बिल्ड नंबर" म्हणून एक ओळ असते. तिच्यावर सात वेळा बोट मारले की कारागिरांसाठी ठेवलेला एक बंद कप्पा उघडतो. सातच का, देव जाणे. त्या कप्प्यातली परवानगी दिली, केबल लावली, तरी संगणकाला फोन दिसेना. दोन तास आम्ही मुलाला आणि मुलगा संगणकाला बोल लावीत बसलो. शेवटी शेजारच्या दुकानदाराने सांगितले की, ही केबल स्टेशनाबाहेर घेतलेली, नुसत्या चार्जिंगची. हिच्यातून वीज जाते, अक्षर जात नाही. दुसरी केबल लावताच फोन दिसला.

मग "चालव" ही आज्ञा दिली. पहिल्या वेळी यंत्र बराच वेळ घेते. आमचा चहा झाला, दुसरा चहा झाला. आणि फोनच्या पडद्यावर वर जांभळी पट्टी, मधोमध एक शून्य आणि खालच्या कोपऱ्यात अधिकचे चिन्ह असलेले बटण आले. बटण दाबले की शून्याचा एक, एकाचे दोन. बस, एवढाच हा नमुना. जगात जो कोणी फ्लटरचे नवे काम सुरू करतो त्याच्या हाती पहिल्यांदा हेच मोजणारे अॅप पडते. आमच्या खजिनदारांनी ते हाती घेतले आणि दाबत दाबत २४० पर्यंत नेले. कोणी बोलले नाही. मग त्यांनी अॅप पुरते बंद करून पुन्हा उघडले. शून्य.

भिजलेली डायरी आणि हे यंत्र, दोघांचीही तीच तऱ्हा. चालू असेतोवर आकडा लक्षात. बंद केले की विसरले.

पण या नमुन्याची किंमत त्याच्या कामात नाही, त्याच्या पोटात आहे. सगळा मजकूर एका फायलीत आहे आणि त्यात जागोजागी शिकणाऱ्यासाठी टिपा लिहिल्या आहेत, एखाद्या चांगल्या उस्तादाने कानाशी सांगाव्या तशा. एक टीप सांगते: हा रंग बदलून हिरवा करा आणि पाहा. मुलाने जांभळा काढून हिरवा लिहिला, आणि अॅप बंद न पडता, सेकंदभरात, हातातल्या फोनवर पट्टी हिरवी झाली. आकडा होता तेथेच राहिला. मशीन चालू ठेवून डाय बदलण्याचा हा प्रकार. आमच्या वेळी असे करणाऱ्याची बोटे जात.

दुसरी टीप आम्हांस फार आवडली. बटण दाबल्यावर आकडा एकाने वाढविण्याची ओळ एका खास हाकेच्या आत लिहिलेली असते. तिचे नाव सेटस्टेट. म्हणजे "स्थिती बदलली आहे हो" अशी वर्दी. ती हाक काढून टाका आणि नुसता आकडा वाढवा, असे आम्ही करून पाहिले. बटण दाबले, दाबले, पडद्यावर शून्यच. आत मात्र आकडा वाढत होता! वर्दी मिळाली नाही, म्हणून पडदा पुन्हा रंगविला गेला नाही. वहीत एक आणि फलकावर एक. कारखान्यात याचा उलटा अनुभव आम्ही घेतला आहे: फलकावर पगारवाढीची नोटीस, आणि पगारपत्रकात जुनाच आकडा. तेव्हा फलक पाहून वहीबद्दल बोलू नये. ही साधी गोष्ट आम्हांस वकिलाने शिकविली नव्हती. या नमुन्याने शिकविली.

आकडे मराठीत हवेत, असा आमचा हट्ट होता. त्यासाठी निरनिराळ्या भाषांचे रिवाज ठाऊक असलेला एक तयार जोड मिळतो. भाषा मराठी ठेवली की आकडे देवनागरी वळणाचे येतात, आणि हिंदी ठेवली की इंग्रजी वळणाचे. त्या त्या भाषेची तशी वहिवाट धरली आहे. वालीव-सातिवलीत उत्तरेकडून आलेले कामगार पुष्कळ, तेव्हा दोन्ही भाषा ठेवल्या. पण मराठी आकडे येताच एक विघ्न आले. नमुन्याबरोबर एक परीक्षकही येतो: तो आपणच अॅप चालवितो, शून्य दिसते का पाहतो, बटण दाबतो, एक दिसतो का पाहतो. त्याने आमचे अॅप नापास केले. त्याला इंग्रजी शून्य हवे होते. मराठी शून्य हे शून्यच नव्हे, असा त्याचा निकाल. असे परीक्षक आम्ही कचेऱ्यांत पाहिले आहेत. येथे निदान त्याची समजूत एका ओळीने घालता आली.

आता विसरभोळेपणा घालविणे. त्यासाठी सोपा जोड आहे, छोट्या गोष्टी फोनमध्ये साठवून ठेवणारा. आम्ही तो लावला, अॅप बंद करून उघडले, आकडा जागेवर! टाळ्या झाल्या. दोन दिवसांनी मुलाने त्या जोडाबरोबरची माहिती नीट वाचून दाखविली. तीत स्पष्ट लिहिले होते की, लिहिलेले लगेच कायमचे उमटलेच याची हमी नाही, महत्त्वाचा मजकूर यात ठेवू नये. आवडता रंग कोणता हे ठेवण्यास ठीक. एखाद्याची भाकरी ठेवण्यास नाही. ही सूचना लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा आम्हांस मोठा वाटला. मग एसक्यूलाइट घेतले. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २००० साली काढलेली ही नोंदवही, मालकीहक्क सोडून लोकांना दिलेली. आज फोनाफोनांत तीच बसलेली आहे.

आणि इथे आमची खरी चूक आमच्या ध्यानात आली. साठविणार काय? आकडा? आकडा ठेवून उपयोग नाही. खजिनदारांनी पाच मिनिटांत २४० भरविले होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. न्यायालयात ठेकेदाराचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. शिवाय कायदा "मागल्या बारा महिन्यांत" म्हणतो. म्हणजे आज एक दिवस जमा झाला तरी वर्षापूर्वीचा एक दिवस गळतो. तेव्हा आमच्या अॅपमधला आकडा कधी वाढणार, कधी जागेवर राहणार, आणि महिनाभर काम नसेल तर उतरणारसुद्धा. नुसते अधिकचे बटण पुरत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेक कामगारांस ठाऊक नसते. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्या रविवारचा आणि सुट्टीचा पगार मिळतो ते दिवसही २४० मध्ये धरावयाचे. आमचा हेल्पर भरपगारी सुट्ट्या सोडूनच रेघा मारीत आला होता.

म्हणून आकडा काढून टाकला आणि तारखा ठेवल्या. एका तारखेस एकच नोंद. पाळी कोणती, ओव्हरटाइम किती, त्या दिवशी मुकादम कोण. मागची तारीख भरता येते, पण "ही नोंद अमुक दिवशी मागाहून केली" असे तिच्यापुढे आपोआप लिहिले जाते. यावर युनियनमध्ये वाद झाला. काही म्हणाले, स्वतःच्या विरुद्ध पुरावा आपणच कशाला तयार करावा? आमचे म्हणणे असे पडले की, जी वही आपल्या मालकाविरुद्ध तेवढी खरे बोलते, तिच्यावर न्यायाधीश विश्वास का ठेवील? मत घेतले; आमची बाजू दोन मतांनी निभावली.

हे अॅप न्यायालयात पुरावा म्हणून एकटे उभे राहील, असे आम्ही कोणास सांगत नाही. तेही शेवटी कामगाराचे स्वतःचे म्हणणेच. परंतु "अंदाजे पावणेतीनशे दिवस" असे म्हणणारा साक्षीदार आणि "१२ ऑगस्टला रात्रपाळी होती, त्या दिवसाचे मस्टर आणा" असे म्हणणारा साक्षीदार यांत फरक आहे. मग ते मस्टर, बँकेत जमा झालेला पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि राज्य विमा यांचे भरणे, सगळे एकमेकांशेजारी ठेवता येते. आणि मस्टर आणलेच नाही, तर का आणले नाही हे विचारता येते.

एक भीती सभासदांनी बोलून दाखविली ती खोटी नव्हती. विरार-नालासोपाऱ्यात घरोघर माल पोचविणारी जी मुले आहेत, त्यांचे सारे आयुष्य फोनवरच्या अॅपने बांधलेले. ते त्यांना मोजते, त्यांनी त्याला मोजू नये अशीच त्याची रचना. आता युनियनही आमच्या खिशात डोळा ठेवणार काय? याचे उत्तर नमुन्यातच सापडले. जुळवणी चालू असताना त्याला इंटरनेटची परवानगी असते, कारण संगणकाशी बोलावयाचे असते; वाटण्यासाठी पक्के अॅप बांधले की ती परवानगी आपण मुद्दाम दिल्याखेरीज त्यात येत नाही. आम्ही ती दिली नाही. तारखा ज्याच्या त्याच्या फोनात. याची किंमतही आहे: फोन हरवला की वही गेली. म्हणून महिनाअखेर पानावर उतरवून सही करण्याची शिस्त ठेवली आहे. ती किती पाळली जाते हे विचारू नका.

दोन मशीनांपैकी दुसऱ्या मशीनची हकिकत राहिली. मजकूर एकच, हे खरे. पण आयफोनसाठी तो बांधावयाचा तर अॅपल कंपनीचाच संगणक लागतो. तो एकाकडून रविवारपुरता मागून आणला. फुकट खात्यावर फोनात घातलेले अॅप सात दिवसांनी चालेनासे होते. कायमचे हवे तर वर्षाला ९९ डॉलर भरा. अँड्रॉइडचे तयार अॅप मात्र एका फाइलीत हातोहात देता येते. आमच्या सभासदांत आयफोनवाला एकच निघाला, तोही मुलाने जुना झाला म्हणून दिलेला. त्याला आम्ही तूर्त वही दिली आहे. डाय एकच असली तरी दुसऱ्या मशीनचे भाडे द्यावेच लागते, हे तुम्हांस कोणी आधी सांगत नाही.

त्या हेल्परचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. त्याचा दावा चालू आहे. मस्टर मागविण्याचा अर्ज दिला आहे. त्याला आता दुसरीकडे काम मिळाले असून रोज सुटल्यावर तो गेटबाहेर उभा राहून तारीख भरतो. मागच्या महिन्यात त्याच्या नव्या ठेकेदाराने विचारले, "रोज काय टिपतोस?" तो म्हणाला, "हजेरी, शेठ." ठेकेदार काही बोलला नाही.

सध्या हे अॅप बारा फोनांत आहे आणि त्यात दोन चुका आहेत. एक रात्रपाळीची: पाळी एका तारखेस सुरू होते आणि दुसरीस सुटते, तेव्हा दिवस कोणता धरावा, यावर यंत्राचे आणि आमचे अजून जमलेले नाही. दुसरी तूर्त सांगत नाही. ज्यांना मूळ नमुना, ते शून्य आणि ते बटण, पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी लॅपटॉप मागल्या टेबलावर मांडून ठेवला आहे, आणि तो मुलगाही तेथे आहे. फोन आपापला आणा. केबल मात्र आमचीच वापरा.